शोकांतिकेचं पार्श्वसंगीत : स्पॉटिंगपासून स्टेमपर्यंत

गंभीर, शोकान्त चित्रपटाचं काम पहिल्यांदा हाती आलं की नवा संगीतकार लगेच मनात पन्नास व्हायोलिनं उभी करतो. पडद्यावरचा माणूस तर आधीच कोसळलेला असतो. त्याच वेळी वाद्यवृंदही कोसळू लागला की प्रेक्षक खुर्चीत मागे सरकतो, कारण त्याच्या वाटणीचं दुःख दुसऱ्यानंच करून टाकलेलं असतं. म्हणून पुढची प्रत्येक पायरी एकाच धोरणावर बेतलेली आहे: संगीत उशिरा आणा, थोडं वाजवा आणि जे वाजेल ते नेमक्या जागी, सुरात वाजवून घ्या.

इथे गृहीत धरलेलं काम असं: साधारण दोन तासांचा मराठी चित्रपट, मुंबईत रेकॉर्डिंग, २४ तंतुवादक, चार-पाच फुंकवाद्यं, एखादा सारंगी किंवा बासरीवादक, आणि निर्मात्याचा हात आखडता.

संकलकाकडून काय मागायचं

चित्र लॉक झाल्याशिवाय, म्हणजे संकलन अंतिम ठरल्याशिवाय, एकही सूर पक्का करू नका. धून शोधा, वाद्यांचे रंग ठरवा, पण बार (म्हणजे तालाची आवर्तनं) मोजायला बसू नका. लॉकनंतर प्रत्येक रिळाची वेगळी व्हिडिओ फाइल मागा. हल्ली रीळ म्हणजे साधारण २० मिनिटांपर्यंतचा भाग. चित्रावर टाइमकोड (तास-मिनिट-सेकंद-फ्रेमचा आकडा) छापलेला हवा, संवाद एका ट्रॅकवर आणि बाकीचे आवाज दुसऱ्यावर हवेत, आणि संकलकानं तात्पुरतं टाकलेलं संगीत असेल तर ते तिसऱ्यावर, म्हणजे बंद करता येईल. चित्र सुरू होण्याच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमचा बीप असलाच पाहिजे. पुढे मिक्सिंगला सगळं त्याच बीपवर जुळवलं जातं.

फ्रेमरेट तोंडी विचारून थांबू नका, लेखी घ्या. २४ फ्रेमचं रीळ कुणी २५ नं चालवलं तर २० मिनिटांचं रीळ ४८ सेकंदांनी आखूड होतं. ही चूक निदान लगेच दिसते. २३.९७६ आणि २४ मधला घोळ जास्त घातक, कारण २० मिनिटांत फरक पडतो फक्त सव्वा सेकंदाच्या आसपास. पहिली पाच मिनिटं सगळं ठीक वाटतं आणि रिळाच्या शेवटी प्रत्येक सूर कटच्या पुढे-मागे पडलेला असतो. ऑडिओ ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. ४४.१ वर केलेली फाइल ४८ समजून वाजवली गेली तर ती हार्मोनियमच्या जवळजवळ दीड पट्टीनं वर चढते आणि वेगही वाढतो.

स्पॉटिंग

स्पॉटिंग म्हणजे संगीत कुठे सुरू होणार आणि कुठे थांबणार ते ठरवणं. दिग्दर्शक, संकलक आणि ध्वनी-आरेखक यांच्यासोबत पूर्ण चित्रपट थांबत थांबत बघायचा. ध्वनी-आरेखकाला बहुतेक वेळा बोलावलंच जात नाही. आग्रह धरून बोलवा. ज्या दृश्यात तो गिरणीच्या भोंग्यावर किंवा लोकलच्या आवाजावर भिस्त ठेवून आहे, तिथे तुमचे चेलो आले तर मिक्सिंगच्या टेबलावर दोघांपैकी एकाचं काम फुकट जातं.

प्रत्येक तुकड्याला नंबर द्या: पहिल्या रिळातला पहिला १एम१, तिसऱ्यातला दुसरा ३एम२. पुढे सुरुवातीचा टाइमकोड, शेवटचा टाइमकोड, लांबी. आणि त्यापुढे एक वाक्य लिहाच: हे संगीत कुणाच्या बाजूनं आहे? आईच्या, मुलाच्या, की ज्याला पुढचं ठाऊक आहे अशा कुणाच्या? हे वाक्य लिहिता येत नसेल तर बहुधा तिथे संगीत नकोच आहे. नुसतं ‘दुःखी’ लिहून पुढे गेलात तर ४० मिनिटांचं एकसुरी रडगाणं तयार होईल.

दोन तासांच्या गंभीर चित्रपटाला ३५ ते ४५ मिनिटं संगीत पुरतं. यादी ७० मिनिटांवर गेली तर पुन्हा बसा आणि काटा. नीट वाद्यरचनेसह दिवसाला दोन मिनिटं लिहून होतात असं धरा. म्हणजे ४० मिनिटांना २० दिवस, आणि बदल व छपाईसाठी वर एक आठवडा. तारीख देताना हाच हिशोब सांगा.

तात्पुरत्या संगीताबद्दल एक सूचना. दिग्दर्शक ते तीन महिने ऐकत असतो, त्याचे कान त्याला सरावलेले असतात. ‘असंच काहीतरी करा’ असं म्हटलं तर त्यातलं नेमकं काय आवडलं ते उकलून घ्या. बहुतेक वेळा उत्तर येतं: ते कुठे सुरू होतं ते, किंवा त्याची लय. चाल क्वचितच. जागा आणि लय घ्या, बाकी सोडून द्या.

एक दृश्य, फ्रेमगणिक

लालबागच्या चाळीतली खोली. दारावर थाप, शेजारी आत येतो, दोन वाक्यं बोलतो. बाई काहीच बोलत नाही. वळते, भरभरणारा स्टोव्ह बंद करते. मग भिंतीला टेकून खाली बसते. मग कट, बाहेर रस्ता.

नवा माणूस शेजाऱ्याच्या वाक्यावर व्हायोलिन आणेल. आणू नका. तिथे स्टोव्हचा आवाज आहे आणि तो सगळ्या वाद्यवृंदापेक्षा भारी आहे. स्टोव्ह बंद झाल्यावर जी शांतता पडते ती दोन सेकंद तशीच ठेवा. मग संगीत. ते सुरू झाल्या क्षणापासून मोजलं तर बाई १९.२ सेकंदांवर खाली बसते आणि रस्त्याचा कट ४६ सेकंदांवर येतो.

आता लय. टेम्पो म्हणजे मिनिटाला किती बीट (मात्रा). सूत्र सोपं आहे: सेकंद गुणिले टेम्पो भागिले ६०, अधिक १, म्हणजे तो क्षण कितव्या बीटवर पडतो ते कळतं. टेम्पो ६० धरला तर बसण्याचा क्षण येतो २०.२ व्या बीटवर, म्हणजे चार-चारच्या (एका बारात चार बीट) हिशोबात पाचव्या बारच्या चौथ्या बीटच्या जरा पुढे. कट येतो ४७ व्या बीटवर, बाराव्या बारच्या मध्यात. दोन्ही जागा अडनिड्या. टेम्पो ६२.५ करून बघा. एक बीट ०.९६ सेकंदांचा होतो. बसण्याचा क्षण बरोबर २१ व्या बीटवर, सहाव्या बारच्या समेवर. तेराव्या बारची सम येते ४६.०८ वर, कटनंतर दोन फ्रेमनी. हे चालतं. सूर कटच्या दोन-तीन फ्रेम मागे पडला तर डोळा तो स्वीकारतो. कटच्या आधी पडला की चूक वाटते.

कटच्या आधी पूर्ण बारा बार मिळाले. सा पांढरी दोन धरा. चेलो आणि बास दर दोन बारांना एक सूर खाली उतरतात: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. सहा सूर, बारा बार. असा पायरीपायरीनं उतरणारा बास युरोपात सतराव्या शतकापासून विलापासाठी वापरला गेला आहे आणि आजही तो काम करतो, कारण पुढचा सूर कुठे जाणार हे कानाला कळतं आणि तरी थांबवता येत नाही.

बाई बसते तो सहावा बार कोमल नीच्या मध्यात येतो, म्हणून तिथे बास हलत नाही. ही सोय आहे, अडचण नाही. पाचव्या बारात व्हायोला कोमल ग धरून असतो. तो बासशी किंचित खुपतो. सहाव्या बारच्या समेवर तो रे वर उतरतो. पडद्यावर बाई खाली बसली, आत एकच सूर एक पायरी खाली आला. यापेक्षा जास्त काही लिहू नका. शेवटी बास प वरच सोडा, सा वर आणू नका. चेलोंचा शेवटचा सूर कटच्या पलीकडे जेमतेम अर्धा सेकंद राहू द्या आणि रस्त्याच्या आवाजात विरू द्या.

लॉक झालेलं चित्र पुन्हा उघडलं जाणारच, त्याची तयारी ठेवा. संकलकाकडून बदलांची यादी फ्रेममध्ये मागा. २३ फ्रेम कापल्या असतील तर या टेम्पोला तो जवळजवळ एक बीट होतो, म्हणजे एक बार चार-चारऐवजी तीन-चारचा करून भागतं. अख्ख्या तुकड्याचा टेम्पो ताणून जुळवू नका, बाकीच्या सगळ्या जागा सरकतात.

धून, राग आणि कॉर्डचं भांडण

मुख्य धून चार ते सात सुरांची असावी. पेटीवर एका बोटानं वाजवा. मग निम्म्या लयीत वाजवा. मग फक्त पहिले दोन सूर वाजवा. तरीही ओळखू येत असेल तर ती चित्रपटभर पुरेल. पूर्ण रूपात ती दोनदाच यावी, बाकी वेळा तिचे तुकडे.

आपल्याकडे करुण म्हटलं की हात शिवरंजनीकडे किंवा भैरवीकडे जातो. या रागांचा दोष काही नाही, पण चित्रपटांत ते इतके वापरले गेलेत की पहिल्या वळणालाच प्रेक्षकाला पुढचं कळतं. शिवाय वाद्यवृंदासाठी एक तांत्रिक अडचण आहे. शिवरंजनीच्या सा, रे, कोमल ग, प, ध या पाच सुरांत नेहमीच्या तीन सुरी कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे सूर) शोधायला गेलात तर सा-ग-प ही एक मायनर आणि ध-सा-ग ही एक डिमिनिश्ड, एवढंच हाती लागतं. मग संगीतकार बाहेरचे सूर घालतो आणि राग तुटतो. मारव्यात पंचमच नाही. खाली बासला सा-प धरून ठेवलंत तर मारवा उरत नाही.

तोडगा असा: रागातली ओळ असेल तेव्हा कॉर्डचा नाद सोडा. एक धरलेला सूर, त्यावर मुख्य ओळ आणि तिच्या मागून सावलीसारखी येणारी दुसरी ओळ एवढंच ठेवा. कॉर्डचं संगीत आणि रागाचं संगीत वेगवेगळ्या तुकड्यांत ठेवलं तर दोन्ही टिकतात. वनराज भाटिया आणि भास्कर चंदावरकर हे दोघे दोन्ही परंपरा जाणणारे संगीतकार होते. त्यांचं चित्रपटांतलं काम या दृष्टीनं, कागद-पेन्सिल घेऊन ऐका. काय वगळलंय ते मोजा.

व्हायोलिनच्या ताफ्याकडून मींड हवी असेल तर नुसती तिरकी रेघ काढून भागत नाही. आठ जण आठ वेळांना सरकतात आणि मांजर ओरडल्यासारखं होतं. कोणत्या तारेवर, कोणत्या बोटानं आणि कितव्या बीटपासून सरकायचं, हे तिन्ही लिहा. आणि रेकॉर्डिंगच्या वेळी एकदा गाऊन दाखवा.

वाद्यं किती आणि कुठल्या पट्टीत

नेहमीचा २४ चा ताफा म्हणजे पहिले व्हायोलिन ८, दुसरे ६, व्हायोला ४, चेलो ४, डबल बास २. शोकांतिकेला वरचा झगमगाट कमी आणि मधला गाभा जास्त लागतो, म्हणून ६-५-५-६-२ हा वाटा बरा पडतो. व्हायोलावादक व्हायोलिनवाल्यांपेक्षा नेहमीच कमी मिळतात. तारीख आधी त्यांची घ्या, बाकीचे नंतर.

छोट्या ताफ्यात एका गटाचे दोन भाग करायची हौस टाळा. चार व्हायोलांचे दोन भाग केले की एका ओळीवर दोघे उरतात आणि दोघांमधला सुरातला बारीक फरक उघडा पडतो. एका ओळीवर एकटा चालतो, तिघे चालतात. दोघे सर्वांत वाईट.

व्हायोलिनचा सर्वांत खालचा सूर म्हणजे मधल्या पांढरी एकच्या खालची पांढरी पाच. त्याखाली लिहिलंत तर वादक हात वर करतो आणि शिफ्टमधली पाच मिनिटं जातात. व्हायोला त्याच्या सात पट्ट्या खाली, पांढरी एकपर्यंत जातो, चेलो त्याहून एक सप्तक खाली. डबल बास लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो. बी-फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण सूर खाली, एफ हॉर्न सात पट्ट्या खाली. ओबोचे अगदी खालचे सूर हळू आवाजात वाजवता येत नाहीत, ते भसकन बाहेर पडतात. बासरीचे खालचे सूर उलट इतके नाजूक की चार चेलोंखाली गडप होतात.

पितळी वाद्यं दोन हॉर्नवर थांबवा. ते गाभ्याला चिकटवून ठेवतात. ट्रॉम्बोन आणि मोठे नगारे आले की प्रसंग युद्धाचा होतो.

संवादाखाली लिहिताना आवाजाची जागा लक्षात ठेवा. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झ, बाईचा १६५ ते २५५. नट खर्जात कुजबुजतोय आणि चेलो त्याच पट्ट्यात फिरतोय, तर मिक्सर चेलो खाली दाबणार हे ठरलेलं. दाबलेलं संगीत मेलेलं ऐकू येतं. म्हणून तिथे लांब, न हलणारे सूर लिहा, हालचाल वाक्यांच्या मधल्या फटीत ठेवा.

एक गोष्ट फार थोडे जण तपासतात. सिंक साऊंडमध्ये, म्हणजे चित्रीकरणाच्या जागीच घेतलेल्या आवाजात, खोलीतल्या फ्रीजची किंवा ट्रान्सफॉर्मरची घुमघुम आलेली असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती घुमघुम मुख्यतः १०० हर्ट्झवर असते. चेलोचा पांढरी पाच हा सूर ९८ हर्ट्झचा. तो लांब धरलात तर दोघांची टक्कर होऊन सेकंदाला दोनदा थरथरणारा आवाज येतो आणि सगळे वादकाला बेसूर ठरवतात. असं दृश्य असेल तर तुकड्याची पट्टीच बदला.

मॉकअप

दिग्दर्शक मंजुरी देतो ती कॉम्प्युटरवर वाजवलेल्या नमुन्याला. सुरुवातीला म्यूझस्कोर आणि त्याचे मोफत ऑर्केस्ट्रा आवाज पुरतात. पुढे रीपरसारखा स्वस्त सॉफ्टवेअर आणि एखादी छोट्या ताफ्याची सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचा संच) घ्या. छोट्या ताफ्याची असं मुद्दाम म्हटलंय. साठ वादकांच्या आवाजात मंजूर झालेला तुकडा खऱ्या २४ जणांनी वाजवला की दिग्दर्शकाला तो ‘बारीक’ वाटतो. तोवर स्टुडिओचं मीटर चालू झालेलं असतं.

सॅम्पल निर्जीव वाटतात त्याचं कारण बहुतेक वेळा एकच: प्रत्येक सूर एकाच जोरात धरलेला. मॉड व्हील (कीबोर्डवरचं चाक) हातानं फिरवून प्रत्येक लांब सुराला चढ-उतार द्या. लेगाटो (सूर जोडून वाजणारे) आवाज उशिरा उठतात, म्हणून तो ट्रॅक थोडा आधी सरकवा. किती, ते लायब्ररीगणिक वेगळं असतं. क्लिक (बीट मोजणारी टकटक) लावून कानानं ठरवा.

कागद

मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि अरेंजरनी स्टाफ नोटेशनची (पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीची) शिस्त रुजवली. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा आणि सॅबेस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे अरेंजर ती वाद्यवृंदासाठी लिहायचे. आजही तुम्हाला सरगमच येत असेल तर त्यात कमीपणा काही नाही. अरेंजर घ्या, त्याचं नाव श्रेयनामावलीत स्वतंत्र ओळीत द्या आणि त्याचे पैसे बजेटमध्ये आधीच वेगळे काढा.

तंतुवादक एका स्टँडवर दोघे बसतात. ६-५-५-६-२ च्या ताफ्याला ३, ३, ३, ३ आणि १ अशा १३ प्रती लागतात, शिवाय प्रत्येक गटाची एक जादा. कागद ९० जीएसएमच्या वरचा, एकाच बाजूला छापलेला. पातळ कागद एसीच्या झोतात फडफडतो आणि ते माइकमध्ये येतं. प्रत्येक बारखाली नंबर. पान उलटायची जागा विश्रांतीवर. तंतुवाद्याच्या घोडीवर सोर्डिनो (आवाज दबका करणारी चिमटी) चढवायला किमान चार-पाच सेकंद मोकळे सोडा. घाईत तो खाली पडतो आणि चांगला टेक जातो.

रेकॉर्डिंगचा दिवस

वादक जमवण्याचं काम मुंबईत मेसेंजर करतो. त्याला तारीख, वाद्यनिहाय संख्या आणि शिफ्ट लेखी द्या. शिफ्टचे तास, दर आणि जादा वेळेचे नियम सिने म्युझिशियन्स असोसिएशनकडून आधी समजून घ्या. रविवार सकाळ टाळा, मेगाब्लॉक असतो आणि चेलो घेऊन लोकलनं येणारा माणूस वेळेत पोचत नाही. गणपतीच्या दहा दिवसांत नीट आवाजबंद नसलेल्या खोलीत काहीच रेकॉर्ड करू नका.

पावसाळ्यात लाकूड फुगतं, बोचे (गजाचे) केस सैल पडतात. बाहेरच्या दमट हवेतून आलेलं वाद्य थंड हॉलमध्ये पेटीतून काढून २० ते ३० मिनिटं ठेवल्याशिवाय सूर धरत नाही. म्हणून वादकांना अर्धा तास आधीची वेळ द्या आणि तो अर्धा तास पैशांत धरा. रोझिन, जादा तारा आणि चार-पाच जादा सोर्डिनो स्वतः जवळ ठेवा. धोबी तलावच्या फुर्टाडोजमध्ये हे सगळं मिळतं.

तासाला तीन-चार मिनिटं पदरात पडतात. पहिली १५ मिनिटं बसणं आणि आवाजाचा तोल यात जातात. सगळ्यांत जास्त वादकांचे तुकडे आधी घ्या, पण दिवसाची सुरुवात मध्यम अवघड तुकड्यानं करा. अगदी हळू आवाजातले, सोर्डिनोचे तुकडे जेवणानंतर लगेच ठेवू नका. हळू वाजवायला ताकद जास्त लागते आणि हात तेव्हा जड झालेले असतात.

क्लिक दोन बार आधीपासून द्या. हेडफोन बंद पाठीचे हवेत, आवाज जेमतेम ऐकू येईल एवढाच. शेवटचा सूर विरत असताना क्लिक बंद झालीच पाहिजे, तिथे ती हटकून रेकॉर्ड होते. काही तुकडे क्लिकशिवाय, स्क्रीन बघून हातानं चालवा. वर सांगितलेला स्टोव्हचा तुकडा असा घेतला तर दोन जागा हुकण्याचा धोका आहे, पण सूर श्वास घेतात. आधी क्लिकवर एक टेक पदरात पाडा, मग हा प्रयोग करा.

माइक लावणं ध्वनिमुद्रकाचं काम आहे, पण तुम्हाला निदान कळायला हवं. मोठ्या हॉलमध्ये कंडक्टरच्या डोक्यावर, जमिनीपासून तीन मीटरच्या आसपास तीन माइकचा त्रिकोण लावतात आणि खरा आवाज तिथला असतो. जवळचे माइक फक्त रेषा ठळक करायला. छत खाली असलेल्या खोलीत तीन मीटरवर माइक नेलात तर छतावरून परत येणारा आवाज सगळं पेटीत कोंडल्यासारखं करतो. तिथे माइक खाली आणा आणि हॉलचा भास नंतर रिव्हर्बनं द्या: साधारण दोन सेकंदांची गुंज, सुरुवातीचा विलंब २० ते ३० मिलिसेकंद. एसीचा आवाज हळू तुकड्यांत ऐकू येतो. टेकपुरता बंद करा, पण तीन मिनिटांच्या वर नको, नाहीतर सूर चढू-उतरू लागतात.

१२ च वादक परवडत असतील तर दोनदा वाजवून थर लावता येतात. दुसऱ्या वेळी वादकांच्या जागा बदला, पहिल्या रांगेतले मागे पाठवा, माइकही हलवा. तसंच पुन्हा वाजवलं तर त्याच वादकाचा तोच किंचित चढा सूर दुप्पट होऊन बसतो. तीनपेक्षा जास्त थर लावलेत तर आवाज जाड होतो, मोठा होत नाही.

सारंगी किंवा बासरीवादकाला पट्टी दोन दिवस आधी कळवा. सारंगीच्या तरफा (मुख्य तारांखाली आपोआप गुंजणाऱ्या तारा) त्या सुरांना लावायच्या असतात आणि बासरीवाल्याला त्या पट्टीची बासरी आणायची असते. स्टुडिओत पोचल्यावर ‘काळी एक नको, पांढरी दोन करू’ म्हणणं म्हणजे त्याचा तास घालवणं. ओळ मुक्त लयीत हवी असेल तर सारंगी आधी रेकॉर्ड करा आणि ताफा तिच्याभोवती लिहा. लयीत हवी असेल तर उलट. आणि तिला वाक्य संपवू द्या. चार बारांत कोंबलेली सारंगी नुसती सही केल्यासारखी ऐकू येते.

खरा वाद्यवृंद एकदाही समोर बसून ऐकला नसेल तर यातलं काहीच पुरतं उमगणार नाही. नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ साली सुरू झालेला. त्यांच्या हंगामात जमशेद भाभा थिएटरमध्ये मागच्या रांगेत बसा. आठ चेलो हळू वाजतात तेव्हा शेवटच्या रांगेत नेमकं काय पोचतं, ते ऐका.

स्टेम आणि कागदपत्रं

मिक्सिंगला एकसंध संगीत देऊ नका. वरचे तंतू, खालचे तंतू, फुंकवाद्यं, हॉर्न, पियानो-हार्प, एकल वाद्य आणि कॉम्प्युटरचे आवाज अशा सात-आठ स्टेम, म्हणजे गटागटाच्या वेगळ्या फाइल, द्या. सगळ्या एकाच टाइमकोडपासून सुरू झालेल्या हव्यात. सगळ्या शून्यावर ठेवून वाजवल्या की मूळ मिक्स तंतोतंत यायला हवं. ५.१ (सभोवतालच्या स्पीकरांच्या) मांडणीत मधला स्पीकर संवादासाठी मोकळा ठेवा. एकल सारंगी मधोमध ठेवायचा मोह होतो, ती थोडी डावीकडे सरकवली तर मिक्सरला तिला दाबावं लागत नाही.

मिक्सिंग थिएटरमध्ये स्वतः हजर राहा. तिथे प्रत्येक पडदा-स्पीकर ८५ डेसिबलच्या प्रमाणावर लावलेला असतो. घरी हळू ऐकून केलेला रिव्हर्ब तिथे दुप्पट वाटतो. दृश्य बघून एखादा तुकडा नकोसा वाटला तर तुम्हीच आधी सांगा की काढा. दिग्दर्शकाचा तुमच्यावरचा विश्वास तिथे बसतो आणि उरलेले तुकडे जरा मोठे ठेवले जातात.

शेवटी क्यू शीट: प्रत्येक तुकड्याचा नंबर, नाव, लांबी, संगीतकाराचं नाव आणि वापर. हे मिक्स संपल्याच्या आठवड्यातच भरा, सहा महिन्यांनी कुठल्या रिळातलं काय राहिलं ते कुणालाच आठवत नाही. आयपीआरएस या संगीताची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व नसेल तर घ्या. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर, चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतला संगीतकाराचा समान वाटा करारानं सोडून देता येत नाही. निर्मात्याच्या करारात तसं कलम दिसलं तर सही करण्याआधी ते काढून घ्या. करारात आणखी दोन ओळी आवर्जून घाला: लॉकनंतर चित्र बदललं तर पुनर्लेखनाचे आणि जादा शिफ्टचे पैसे कोण देणार, आणि वादकांचे पैसे रेकॉर्डिंगच्याच दिवशी मिळणार का.